एक कोयता, आतली खोली

१

मी पंडित, उमापूरचा मुकादम. गावात माझी ख्याती अशी, की मी दहा गोष्टी सांगितल्या तर त्यातल्या अकरा खोट्या निघतात. गोदावरीतल्या मगरीला मी वांग्याचं भरीत चारलं आणि ती ढेकर देऊन पाण्यात गेली, हे मी आजही पारावर बसून शपथेवर सांगतो. लोक हसतात, चहा पाजतात आणि पुढं काय झालं ते विचारतात. मुकादमाला हे अंगी असावं लागतंच. ऊसतोडीला माणसं न्यायची म्हणजे त्यांना सहा महिने घर सोडायला लावायचं. तिथं नुसता हिशेब सांगून भागत नाही. गोष्ट लागते.

आमच्या धंद्यात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडतो, ती मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीत रचते. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला कुणी मुकादम हौसेनं नेत नाही. मीही नेत नाही.

गेल्या दिवाळीनंतर बबनरावाची मंजुळाबाई यायला तयार नव्हती. अंगात कणकण, गुडघा धरलेला. बबनराव बैलांना पाणी दाखवायला गेलता. ती अंगणात भांडी घासत होती. मी उकिडवा बसलो आणि म्हणालो, "वहिनी, औंदाचा कारखाना असा हाय, की कोपीच्या दारात उभं राह्यलं की समुद्र दिसतो."

तिचा हात थांबला. "कशाचा समुद्र?"

"समुद्र म्हंजी समुद्र. निळाशार."

ती पुन्हा भांडी घासायला लागली. पण दुसऱ्या दिवशी गाडीत सगळ्यांत आधी तिचं बोचकं पडलं. नवरा-बायको हौसेनं कुठं गेली असतील तर नारायणगडाच्या जत्रेला, तेही दोनदा. त्या कारखान्यावरून समुद्र बघायचा तर मधला सह्याद्री उचलून बाजूला ठेवावा लागला असता.

जानेवारीत ती कोपीत, म्हणजे पाचटाच्या त्या खोपटातच, गेली. भर दुपारी. बबनराव गाडी घेऊन कारखान्याच्या रांगेत अडकलेला. बायकांनी बघितलं तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून निजलेली होती. पाचटाच्या भिंतीत बोटं घालून तिनं मुठीएवढं भोक पाडलं होतं. सगळे म्हणाले, हवेसाठी पाडलं असेल. मीही तसंच म्हणालो.

२

एप्रिलात बबनराव माझ्या ओट्यावर येऊन बसला. बैल विकून आला होता. गाडी हाकायला एक आणि रचायला एक लागतं, आता बैल ठेवून करायचं काय, असं म्हणाला. मग टोपी काढून गुडघ्यावर घातली.

"पंडितराव, जहाजाचं बघा."

"कसलं जहाज?"

"त्ये मोबाईलमधी दावतेत की. लोकं नुस्ती बसून राहतेत. कुठं जायचं नसतंय, काय करायचं नसतंय. तसलं. लई भारी नको. साधंच."

"आन तुमी एकटं काय करताल त्याच्यावर?"

"बसतो की," तो म्हणाला. "तिला एकदा तरी बसवायचं होतं, कामाबिगर. आता मीच बसतो."

बीडला एक योगिता म्हणून पोरगी आहे, ती ट्रिपांची बुकिंगं करते. तिला फोन लावला आणि दोघांत ठेवून ऐकू लागलो. ती पटापटा सांगत गेली. मुंबईहून गोवा आणि परत, तीन रात्री, पावसाळ्याआधीची शेवटची फेरी. एक केरळाच्या अंगाची, ती महाग. एक डोंगरातल्या धरणावरची, स्वस्त, पण तिथं थंडी.

"थंड पान्याचं नको," बबनराव मध्येच बोलला. "लई थंड पानी सोसलंय तिनं. पहाटं तीनला अंघोळ करून फडात."

"मग गोवाच घ्या बाबा. पाणी कोमट असतं तिथलं. आता खोली. गॅलरीवाली, खिडकीवाली, का आतली?"

"आतली म्हंजी?"

"मधोमध असती. खिडकी नसती. सगळ्यात कमी भाडं तिचंच."

"तीच लिव्हा," बबनराव म्हणाला. "कोपीला कुठं खिडकी होती."

मी फोनकडं बघत बसलो. तेवढ्यात योगितानं विचारलं, "किती जण?"

आता बघा, वीस वर्षांची सवय. जिभेला हाड नाही आणि मुकादमाच्या जिभेला तर मूळच नाही. मी म्हणालो, "एक कोयता."

दुसऱ्या कुठल्या पोरीला ते कळलं नसतं. पण हिचे आईबाप हंगामाला जायचे. ती हसली. "बरं, म्हंजी दोघं. मावशींचं नाव?"

मी चूक सुधारायला तोंड उघडलं. बबनरावानं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि फोनकडं वाकून, नवी नवरी नाव घेते तसं हळू आवाजात म्हणाला, "मंजुळाबाई बबनराव."

"एकटा गेला तरी दोघांचंच भाडं पडतं, बरं का," योगिता म्हणाली. "तुम्ही जोडीनं चाललात ते बरंय."

३

आतली खोली चौदा फूट बाय नऊ फूट, असं योगितानं सांगितलं. बबनरावाला फूट कळेनात. त्यानं विचारलं, जीव तर घाबरणार नाही ना. मला दुर्बुद्धी सुचली. म्हणालो, चला, आखूनच दावतो. कोप्यांच्या जागा पावलांनी मोजून द्यायचं काम माझंच असतं.

त्याचा गोठा मोकळाच होता. बैल गेले तरी त्यांचा वास तसाच होता. वरती पत्रे, खाली शेणानं सारवलेली भुई. मी चुन्याची फक्की आणली आणि रेघा ओढल्या. ही भिंत, ही भिंत, इथं दार, इथं न्हाणी. दोन बाजा आणून टाकल्या आणि त्यांच्याभोवती रेघ मारली. दोन्हींच्या मध्ये दीड हात जागा सोडली.

"या पाहुणे," मी म्हणालो, "जहाज सुटायलंय."

बबनराव रेघ ओलांडून आला नाही. वळसा घालून आखलेल्या दारातून आला. किंचित वाकून, कोपीत शिरतात तसा. अलीकडच्या बाजेवर बसला. मी भोंगा वाजवला, तोंडानंच. तो हसला. जानेवारीपासून मी त्याला हसताना बघितलं नव्हतं, म्हणून आणखी दोनदा वाजवला.

"इथंच निजत जातो," तो म्हणाला. "सवय व्हईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर तो दाढी करत होता. आरशात बघतच म्हणाला, "मधली जागा वाढवली का तुमी?"

"मी कशाला वाढवू?"

"बरं झालं. तिचा गुडघा वळत न्हाई. दीड हातात तिला उठता येत नव्हतं."

मी गोठ्यात जाऊन बघितलं. पलीकडची बाज वीतभर सरकलेली होती. यानंच रात्री ओढली असेल, त्यात काय. पण तिच्याभोवतीची रेघही सरकलेली होती. सारवलेल्या भुईवरची फक्की पुसली तर पांढरा डाग राहतो, कितीही झाडा. जुन्या रेघेच्या जागी डाग नव्हता. शेणाचा हात जसा फिरवला होता, तशीच भुई.

मला वाटलं, मीच आखताना चुकलो असेन. माझ्याइतकं चुकीचं बोलणारा माणूस रेघ तरी बरोबर कुठून ओढणार.

४

त्यानंतर आठवड्यानं, दुपारी, योगिताचा फोन आला. मी बबनरावाच्या ओट्यावर चहा पीत होतो.

"काका, मगाशी मावशींचा फोन आलता. त्यांचं समाधान झालं का, एवढंच विचारायचं होतं."

"कोन मावशी?"

"मंजुळाबाई. त्या विचारत होत्या, खोलीतनं समुद्र दिसतो का. मी म्हणलं, मावशी, आतली खोली हाय, खिडकी न्हाई. तर त्या म्हणल्या, पर पंडितराव तर म्हणले होते, दारात उभं राह्यलं की दिसतो."

मी कप खाली ठेवला.

"कुठल्या नंबरवरनं?"

"तुमच्याच की."

मी फोनमध्ये बघितलं. बारा वाजून दहा मिनिटं, योगिताचा नंबर, चार मिनिटं. बाराच्या सुमाराला मी गोठ्यात खोलीची लांबी बबनरावाच्या मेहुण्याला दाखवत होतो. फोन पलीकडच्या बाजेवर ठेवला होता आणि तसाच विसरून हातपाय धुवायला गेलो होतो. मेहुणा लगेच गेला. बबनराव माझ्या डोळ्यांसमोर चूल पेटवत होता.

मी विचार करायला लागलो. शेजारची कुणी बाई आली असेल, चेष्टा केली असेल. गावात चेष्टेला तोटा नाही, निम्मी मीच शिकवलेली. पण समुद्राचं ते बोलणं मी अंगणात, भांड्यांपाशी, एकट्या मंजुळाबाईशी केलं होतं. तिनं नवऱ्याला सांगितलं असेल. तसंच असणार. म्हणून मी आडून विचारलं.

"बबनराव, वहिनीची तब्येत नव्हती, मग औंदा ती आली कावून?"

त्यानं फुंकणी खाली ठेवली. "मीच म्हणलं, न्हाई जायचं. तर हसली. म्हणली, एक गंमत हाय, तिथं गेल्यावर दावते. लई इचारलं. सांगितलीच न्हाई." चुलीत बघत तो पुढं म्हणाला, "काय गंमत होती, कुणाला ठावं."

तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणालो, चहा झकास झालाय.

५

दोन दिवसांनी बबनराव आधार कार्डाच्या कामाला गेवराईला गेला. मी एकटाच गोठ्यात गेलो. बाराचं ऊन होतं. पत्रे तापून टकटक वाजत होते. मी मनाशी ठरवलं होतं, की आत जायचं, पायानं सगळ्या रेघा पुसायच्या आणि निघायचं. गंमत पुरे झाली.

पण रेघ ओलांडवेना. पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला. चुन्याची रेघ, कोंबडीही ओलांडून जाते. मी मुकाट वळसा घालून दाराशी गेलो आणि वाकून आत शिरलो. वाकलो कशाला, तेही कळलं नाही. वर पत्र्यापर्यंत सगळी मोकळी जागा होती.

अलीकडच्या बाजेवर बसलो. आत आल्यावर पत्र्यांचा आवाज बंद झाला. बाहेर ऊन होतं, शेळी ओरडत होती, हे मला दिसत होतं, पण ऐकू येत नव्हतं. मग सळसळ ऐकू आली. वाळल्या पाचटात बोटं घातल्यावर होते तशी. थांबायची, पुन्हा व्हायची. खरं सांगतो, उंदीर असेल म्हणून मी बाजेखाली वाकून बघितलं.

वर बघितलं तर समोरच्या बाजेची सुंभं ताणली होती. मधोमध नाही, पलीकडच्या कडेला. आपल्याकडं पाठ करून कुणी बसावं तशी.

मी गेल्या वीस वर्षांत शेकडो माणसांपुढं बोललोय. शब्द कधी शोधावा लागला नाही. त्या दिवशी एकच सापडला. "वहिनी," मी म्हणालो.

सळसळ थांबली.

दोनच शब्द सांगायचे होते. खोटं होतं. वहिनी, ते खोटं होतं, मी जन्मात समुद्र बघितलेला नाही. मी तोंड उघडलं आणि जे बाहेर पडलं ते हे:

"वहिनी, समुद्र म्हंजी असा, की उसाचा फड वाऱ्यानं हलतो ना, तसा. नजर जाईल तिथवर. पर त्यो तोडायचा नसतो. कुनीच कोयता घिऊन येत न्हाई. बाया काठाला बसून राहतेत. पानी असं कोमट, की कुनीतरी आपल्यासाठी चुलीवर ठिवलंय वाटावं. गुडघ्यापतोर गेलं की गुडघा मोकळा. मासे येतेत, नाव इचारतेत, आन मग नावानंच हाका मारतेत."

मी बोलत राहिलो. त्याहून चांगली गोष्ट मी कधी सांगितली नव्हती. मधूनच सुंभं कुरकुरायची. प्रत्येक वेळी कुरकुर थोडी अलीकडच्या कडेला सरकलेली असायची. माझ्याकडं. मी थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर काय झालं असतं याचा मला अंदाज येईना. उन्हं कलली, तेव्हा अचानक शेळी ऐकू आली आणि मी पळालो. दारातूनच.

६

जायच्या दिवशी गेवराईच्या स्टँडवर मी त्याला सोडायला गेलतो. नवा पांढरा सदरा, पिशवीत तिची एक चौकड्याची साडी. मुंबईच्या गाडीत दोन सीटं धरून बसला होता. एकानं विचारलं, "बाबा, कुणी येतंय का इथं?" तर म्हणाला, "येतंय."

मी खिडकीशी उभा राहून म्हणालो, "जहाजात वजन जास्त झालं तर कप्तानाला माझं नाव सांगा, त्यो वळखतो मला."

"सांगतो," तो म्हणाला. मग गोठ्याची किल्ली माझ्या हातात दिली. "रेघा पुसू नका. आल्यावर मी पुसतो."

गाडी हलली, तेव्हा तो शेजारच्या मोकळ्या सीटकडं बघत होता. चेहऱ्यावर असं होतं, की काहीतरी राहिलंय, पण काय ते आठवत नाही.

७

जहाज सुटलं त्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. जहाज गोव्याला थांबलं होतं, म्हणून रेंज होती. मागं वारा होता आणि घरघर होती.

"कसं हाय, बबनराव?"

"चांगलं हाय. लोक चांगले हायत. जेवायला सारखं बोलवतेत."

"आन समुद्र?"

"लई हाय," तो म्हणाला. "पर पानीच हाय वो नुस्तं."

मग घरघर जरा कमी झाली. तो आडोशाला सरकला असावा.

"पंडितराव, ती आली न्हाई. तिकडं गोठ्यात रोज रात्री कूस बदलायची, मला कळायचं. मी तुमाला सांगितलं न्हाई, तुमी हसला असता. इथं बाज मोकळीच हाय. दोन राती जागा राह्यलो. ती घरीच राह्यली असल. मी गडबडीत कुलूप लावलं, तिला ये म्हणायचं राह्यलं." त्याचा आवाज बारीक झाला. "तुमी जरा जाता का तिथं? तिला सांगा मी इथं हाय म्हणून. आज सांजपतोर जहाज इथंच हाय. फोन तिच्याजवळ धरा. तिला ह्यो आवाज ऐकवा. मग ईल ती."

मी म्हणायला हवं होतं, वेड लागलं का तुमाला. मी किल्ली घेतली आणि निघालो. फोन चालूच. रस्त्यात नुसती घरघर चालू होती. ऊन बाराचंच.

कुलूप काढलं आणि दार ढकललं. आत येताना डोळ्यांपुढं अंधारी आली, ती उन्हाची. मी उंबऱ्यावरच उभा राहिलो. रेघा तशाच होत्या, नुकत्याच ओढल्यासारख्या ठळक. पलीकडच्या बाजेवर पाठ दिसली.

पदर डोक्यावरून घेतलेला. उजव्या हाताच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या, उसाच्या पानांनी कापू नये म्हणून बायका बांधतात तशा. ती पुढं झुकली होती, कानानं काहीतरी धरून ठेवावं तशी. तोंड मी बघितलं नाही. बघायला आत जावं लागलं असतं.

"पोचला का?" फोनमधून बबनरावानं विचारलं.

"पोचलो."

"हाय का ती?"

मी फोन स्पीकरवर टाकला आणि हात लांबवून रेघेच्या आत धरला. त्यानं तिकडं फोन कठड्याबाहेर धरला असावा, कारण घरघर वाढली. पाणी कशावर तरी आपटत होतं, एकसारखं. तेवढंच. ना वाढत, ना थांबत. मध्ये बबनराव मोठ्यांदा म्हणाला, "मंजुळा, ह्यो बघ समुद्र. खरा हाय. मी सोता हितं हाय. ये."

लग्नापासून त्यानं बायकोला चारचौघांत नावानं हाक मारलेली कुणी ऐकली नसेल. मी तरी नव्हती ऐकली.

ती बराच वेळ ऐकत होती. मग तिनं मान हलवली. एकदा, हळू. बाजारात कुणी दुसऱ्याच कुणाची पिशवी आपली म्हणून पुढं केली, की बाई हलवते तशी. हा तो समुद्र नव्हे.

"काय म्हनली?" बबनराव म्हणाला. "पंडितराव. काय म्हनली?"

मी स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला.

"हितं कुनी न्हाई, बबनराव," मी म्हणालो. "नुस्त्या बाजा हायत."

तिकडं कुणीतरी हिंदीत जेवायला बोलावत होतं. तो म्हणाला, "बरं." मग म्हणाला, "मला वाटलंच." मग फोन ठेवला नाही, तसाच धरून राहिला, आणि त्याचा श्वास मला ऐकू येत होता, पाण्याच्या आवाजात मधूनमधून.

बाजेची सुंभं कुरकुरली. ती जरा उशाकडं सरकली होती. पायथ्याशी गोष्ट सांगणाऱ्या एका माणसाला बसता येईल एवढी जागा झाली होती.